धोंडबाची अकरा मिनिटं

सिनेमा सुरू होऊन चाळीस मिनिटं झाली होती आणि तेवढ्या वेळात पडद्यावर एक फाटक उघडलं होतं. तेही पुरतं नाही. अर्ध्यावर अडकलं, चौकीदारानं त्याला लाथ घातली, ते हललं नाही, चौकीदार निघून गेला आणि कॅमेरा मात्र फाटकापाशी थांबून राहिला. बहुधा फाटकाला एकटं वाटू नये म्हणून.

सभागृहातले तीसेक प्रेक्षक आपापल्या परीनं हे सोसत होते. कोणी चष्मा पुसत होतं, कोणी पुसलेला चष्मा पुन्हा पुसत होतं. तिसऱ्या रांगेतली तीन माणसं मात्र पुढं सरकून, खुर्चीचे हात घट्ट धरून बघत होती. शेवटच्या चेंडूवर सहा धावा हव्या असाव्यात, तशी. त्यांतल्या म्हातारीनं तर पापणी लवू नये म्हणून बोटानं डोळा ताणून धरला होता.

ही म्हातारी म्हणजे सिंधूताई. तिच्या एका बाजूला मुलगा प्रशिक, दुसऱ्या बाजूला मुलगी दामिनी. कलात्मक सिनेमाशी तिघांचं काही देणंघेणं नव्हतं. ते एका माणसाला बघायला आले होते. प्रशिकचे बाबा, धोंडबा. नागपुरात, कळमन्याच्या मिरची बाजारात त्यांनी एकतीस वर्षं हमाली केली आणि चौदा महिन्यांपूर्वी, एका मंगळवारी, चहा थंड होऊन राहिला असं बायको सांगत असतानाच ते गेले. त्याच्या आदल्या वर्षी एक दिग्दर्शक कॅमेरा घेऊन बाजारात आला होता आणि त्यानं धोंडबाला ‘नुसतं बसा’ म्हणून पोत्यांवर बसवलं होतं. तो हा सिनेमा. नाव ‘ओझ्याआधी’, लांबी तीन तास दहा मिनिटं. त्यातल्या कुठल्या मिनिटाला धोंडबा येणार हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, माणूस गेला तर घरात त्याचा फोटो असतोच की. होता ना. आधार कार्डावरचा मोठा करून भिंतीला लावला होता. आधार कार्डावर कोणीच स्वतःसारखं दिसत नाही. धोंडबा तर त्यात कोणाला तरी फसवून पळालेले आणि दुसऱ्याच गल्लीत सापडलेले दिसत. दामिनीच्या लग्नाचा सहा तासांचा व्हिडिओही होता. पण धोंडबा दिवसभर पंगतीत वाढत होते, त्यामुळे त्यात त्यांचं फक्त कोपर आलं होतं. वरणाच्या बादलीसकट, तीन वेळा. प्रशिकचं सीताबर्डीला मोबाइल दुरुस्तीचं काउंटर होतं. पाण्यात पडलेल्या, ट्रकखाली गेलेल्या फोनांतून त्यानं परक्यांचे आजोबा, परक्यांची कुत्री, मोडलेले साखरपुडे, सगळं बाहेर काढून दिलं होतं. बापाचा फोन मात्र बटणांचा. त्यातून अडतीस नंबर निघाले आणि सापाचा एक खेळ.

तरीही चाललं असतं. पण दोन महिन्यांपूर्वी सिंधूताई भाजी निवडता निवडता, सिलिंडर संपल्याचं सांगावं तशा आवाजात म्हणाली, “प्रशिक, तुह्या बाबाचं तोंड मले आठवून नाही राहिलं.”

प्रशिकनं भिंतीकडे बोट केलं. तिनं मान वर करून पाहिलं आणि पुन्हा मेथीत घातली. “तो तं कार्डातला माणूस होय. आता डोये मिटले का तोच येते. ते येतच नाही.”

त्यानंतर धोंडबा रोज थोडे थोडे जाऊ लागले. आधी हनुवटी गेली. मग एका सकाळी तिनं चहा गाळताना सांगितलं की आज भुवया गेल्या. डॉक्टर म्हणाले, वय आहे. प्रशिकला हे वयाचं वाटेना. त्याला वाटत होतं, आपला बाप दुसऱ्यांदा मरतोय, या वेळी सावकाश, आपल्याला भरपूर अवधी देऊन. आणि आपण काउंटरवर बसून लोकांच्या स्क्रीनी बदलतोय. रात्री त्यानं स्वतः डोळे मिटून पाहिले. त्यालाही कार्डातला माणूसच दिसला. हे त्यानं कोणाला सांगितलं नाही.

मग त्याला सिनेमा आठवला. दिग्दर्शकाचं नाव अपूर्व. त्याचा नंबर मिळवून प्रशिकनं दर दोन दिवसांनी संदेश टाकला. एकोणिसाव्या दिवशी उत्तर आलं, की सिनेमा तुकड्यांत देता येत नाही. तो अंधारात, मोठ्या पडद्यावर, एका बैठकीत अनुभवायचा असतो. बाबा किती मिनिटाला येतात तेवढं तरी सांगा, असं विचारल्यावर कळलं की या सिनेमातला वेळ मिनिटांचा नाही. नागपुरात मात्र एक खेळ होणार होता. एकच. मग सिनेमा परदेशी जाणार होता, जिथं त्याची जास्त गरज असावी.

तो खेळ म्हणजे हा. रविवार, सकाळी सव्वादहा, रामदासपेठेतलं पहिल्या मजल्यावरचं सभागृह. दोनच्या ठोक्याला रिकामं करून द्यायचं, कारण नंतर तिथं कोणाचं तरी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता.

दारात फिल्म सोसायटीचे केशवराव वेताची टोपली घेऊन उभे होते. बँकेतून निवृत्त झालेला हा गृहस्थ बावीस वर्षं नागपूरकरांना संथ सिनेमे दाखवत होता आणि नागपूरकर बावीस वर्षं मध्यंतराला जेवायला जातो म्हणून परत येत नव्हते. टोपली मोबाइलसाठी होती, दिग्दर्शकाची अट. पडद्यावरून गुपचूप चित्रण करून घ्यायचा प्रशिकचा बेत अशा रीतीनं टोपलीत गेला. त्यानं केशवरावांना बापाचं सगळं सांगितलं. केशवरावांचे डोळे भरून आले, त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि समजावलं, की या सिनेमात कोणाची वाट बघायची नसते.

दुसरा घात घरूनच होऊन आला होता. सिंधूताईला रक्तदाबासाठी पाण्याची गोळी होती. ही गोळी घेतली की माणसाला दर पाऊण तासानं उठावंच लागतं. आज घेऊ नको वं, असं दामिनीनं आदल्या दिवसापासून बजावलं होतं. पण डॉक्टर एकदा रागावल्यापासून सिंधूताई गोळीच्या बाबतीत पोटच्या पोरांचंही ऐकत नसे. तिनं सकाळी ती घेतली आणि वर दोन पेले पाणी प्यायली.

तर, फाटक संपलं. मिरचीचा ढीग आला आणि चौदा मिनिटं राहिला. सिंधूताईला शिंका येऊ लागल्या. पडद्यावरच्या मिरचीनं कोणाला शिंका येत नाहीत हे खरं, पण एकतीस वर्षं धोंडबाच्या सदऱ्यातून ती मिरची घरात आली होती. ढिगाच्या मागं माणूस असतो, एवढं त्या नाकाला ठाऊक होतं. ढिगामागून कुत्रं आलं. बसलं. उठलं. गेलं. मग नुसते पाय आले, कोणाचे तरी, पोत्याखालून चालणारे. दामिनी अर्धी उठली. पाय गेले. मग एक तराजू आला.

सव्वाअकराला प्रशिकनं आईला जायचं का विचारलं. नाही म्हणाली. साडेअकराला तिनं साडीचा काठ मुठीत धरला. बाराला ती घामानं निथळत होती आणि पुढं-मागं हलत होती. मागच्या रांगेतल्या चारुशीला मॅडम, ज्या निवृत्त प्राध्यापिका असल्यामुळे अंधारातही वहीत लिहू शकत, त्यांना ती सिनेमाच्या लयीत डोलते आहे असं वाटलं.

“आई, चाल ना वं. दोन मिनिटांत येऊ.”

“आन् मी उठली न् ते आले तं?”

प्रशिक मनातल्या मनात दिग्दर्शकाच्या हातापाया पडू लागला. आता आण रे बाबा. कोपर तरी आण. पडद्यावर एक गाय पाणी पीत होती. सिंधूताईनं डोळे घट्ट मिटले आणि लगेच घाबरून उघडले.

बारा चाळीसला भिंत आली.

साधी भिंत. रंग उडालेली, खाली पानाच्या पिचकाऱ्या. तिला दार नव्हतं, खिडकी नव्हती, कोपरासुद्धा नव्हता. प्रशिकनं बारकाईनं पाहिलं. या भिंतीतून माणूस यायचा तर भिंत पाडावी लागेल, आणि या दिग्दर्शकाच्या हातून तेवढं काम होणार नाही. त्यानं दामिनीला पहाऱ्यावर ठेवलं, बाबा दिसले की धावत येऊन सांग म्हणाला, आणि आईला बगलेत हात घालून उठवलं.

अठरा पायऱ्या. लिफ्ट रविवारी बंद. सिंधूताईचे गुडघे एका पायरीला दोनदा विचारून मगच वाकत. खालच्या बोळात साक्षगंधवाले झेंडूच्या माळा पसरून बसले होते, त्या ओलांडायच्या नव्हत्या, कारण अपशकुन होतो म्हणे. त्यांनी एकेक माळ उचलली, बाजूला ठेवली, मग वाट दिली. येताना पुन्हा तेच. मग अठरा पायऱ्या, आता चढत्या. दहाव्या पायरीवर सिंधूताई टेकली आणि म्हणाली, तू हो पुढं. तो झाला नाही. नंतर त्याला वाटत राहिलं, व्हायला हवं होतं. मग वाटलं, होऊन काय उपयोग होता.

आत शिरले तेव्हा पडद्यावर एक रिकामा ठेला, ओझ्याची हातगाडी, उभा होता. दामिनी उभी होती, तोंडावर ओढणी धरून.

“आले होते,” ती म्हणाली. “लय वेळ होते, दादा. पाठमोरे बसून होते. एकदम शेवटी वळले.”

“मंग सांगायले काहून नाही आली?”

“उठली असती तं माह्येही सुटले असते.”

प्रशिकला तिच्यावर ओरडायचं होतं. पण तिच्या जागी आपण असतो तर आपणही उठलो नसतो, हे त्याला स्वच्छ कळलं. सिंधूताई हळूच खुर्चीत बसली. तिनं दामिनीला फक्त विचारलं, “नाक कसं होतं वं?”

दामिनीनं तोंड उघडलं. तिला नाक सांगता येईना.

प्रशिक उठला आणि मागच्या बाजूचा लोखंडी जिना चढून सिनेमा चालवायच्या खोलीत गेला. तिथं देवाजी ऑपरेटर पडद्याकडे पाठ करून तुरीच्या शेंगा सोलत होता. समोर लॅपटॉपवर सिनेमा चालला होता. प्रशिकनं सिनेमा मागं घ्या म्हटल्यावर देवाजीच्या हातातली शेंग तशीच राहिली. एकोणीस वर्षांत लोक या खोलीत येऊन किती राहिला एवढंच विचारून गेले होते. हेच पुन्हा बघायचं म्हणणारा पहिलाच. त्यानं प्रशिकच्या तोंडाचा वास घेऊन पाहिला. मग सांगितलं की केशवरावांना कळलं तर आपलं काही खरं नाही.

प्रशिकनं बरंच काही जुळवून आणलं होतं. त्यातलं एक वाक्य निघालं. “माह्या आईले माह्या बापाचं नाक आठवत नाही.”

देवाजीनं हात पुसले आणि माऊस धरला. तुरीच्या चिकानं बोट जरा जास्त सरकलं. पडद्यावर भिंत आली.

तीच भिंत, त्याच पिचकाऱ्या, पहिल्यापासून. प्रशिक जिन्यावर श्वास रोखून थांबला. आता कोणीतरी ओरडणार. कोणी ओरडलं नाही. एका गृहस्थानं पायांची घडी बदलली. चारुशीला मॅडमनी वहीत लिहिलं, ‘भिंत, पुनश्च’, आणि खाली दोन रेघा मारल्या. केशवराव दचकले, घड्याळ पाहिलं, आणि मघाशी आपल्याला डुलकी लागली असावी, ही भिंत आपण पहिल्यांदाच बघतोय, अशी स्वतःची समजूत घालून लाजेनं ताठ बसले.

नऊ मिनिटं भिंत; तेवढ्यात प्रशिक खाली येऊन आईशेजारी बसला. मग पोत्यांची थप्पी, आणि तिच्यावर पाठमोरे धोंडबा.

कॅमेऱ्यात बघू नका असं त्यांना सांगितलं असणार. धोंडबा हुकमाचे पक्के; त्यांनी धोकाच नको म्हणून कॅमेऱ्याकडे सरळ पाठ केली होती. ते बसले होते. बाकी काही नाही. मान थोडी डावीकडे कललेली, ओझ्याच्या बाजूला. एकदा कान खाजवला. एकदा पोत्यावरचं काहीतरी उचलून पाहिलं आणि पुन्हा तिथंच ठेवलं. प्रशिकला त्या मानेवरची घडी दिसली आणि त्याचा हात आपल्याच मानेकडे गेला. अकरा मिनिटं सरली. पडद्याबाहेरून कोणीतरी हाक मारली, धोंडबा वळले, सरळ इकडे पाहिलं, दोनेक सेकंद, आणि उठले. पुढं रिकामा ठेला.

“हे नव्हेत,” सिंधूताई म्हणाली.

दामिनी आईचा हात दाबत कळवळून म्हणाली, “आई, बाबाच होय वं ते.”

“तुह्ये बाबा असे बसले होते कधी?” सिंधूताईचा आवाज चढला. “एकतीस वर्षांत माह्यापाशी दोन मिनिटं टेकले नाही. चहा घ्या म्हटलं तं उभ्यानं. डोकं दुखते म्हटलं तं गोळी आणायले पळाले. बसा म्हटलं तं टाइम नाही. आन् या लोकायसाठी बसले? एवढा वेळ?”

शेजारच्या रांगेतून कोणी तरी शुक् केलं. सिंधूताईनं तिकडं असं पाहिलं, की त्यानं स्वतःलाच शुक् केल्यासारखं झालं. मग ती खाली वाकली, कपाळ समोरच्या खुर्चीला टेकवून बसली, आणि तशीच पुटपुटली, “वळले तवा मी मनात भांडूनच राहिली होती त्यायच्यासंग. तोंड पाहाचं राहूनच गेलं. पुन्हा लाव म्हण त्याले.”

प्रशिक पुन्हा वर गेला. या वेळी खोलीत केशवरावही होते. भिंतीचं त्यांना कळलं होतं. दीड वाजायला आला होता. सिनेमाची पंचवीस मिनिटं उरली होती आणि सभागृह हातात अर्धा तास. धोंडबा पुन्हा लावले तर सिनेमा संपत नाही. सिनेमा संपवला तर धोंडबा नाहीत. बावीस वर्षांत केशवरावांनी एकही सिनेमा अर्धवट सोडला नव्हता, समोर दोनच माणसं असताना नाही, त्यांतला एक चौकीदार असताना नाही. या सिनेमाचा आत्मा शेवटच्या दृश्यात आहे, असं ते म्हणाले. आणि आज पहिल्यांदा एकही माणूस उठून गेला नव्हता.

ते खरं होतं. तिसऱ्या रांगेतली माणसं डोळा ताणून बघत असताना उठायची कोणाची हिंमतच झाली नव्हती.

प्रशिक त्या खोलीतल्या फरशीवर, शेंगांच्या टरफलांत बसला. त्याच्याकडे आता विनवण्याही उरल्या नव्हत्या. आपण बसलोय हेही त्याला उशिरा कळलं.

“मी लोकांना काय सांगू?” केशवरावांनी विचारलं.

“त्यायलेच विचारा ना,” देवाजी म्हणाला.

दिवे लागले. लोक उजेडात एकमेकांकडे चोरून बघू लागले. प्रशिक माइकसमोर उभा राहिला. तो म्हणाला की पोत्यावरचा माणूस माझा बाप आहे. मघाशी सिनेमा मी मागं घेतला. माझ्या आईला त्यांचं तोंड आठवत नाही, आणि ते अजून एकदाच दाखवता येईल, पण मग शेवट राहील. एवढं बोलून त्याला पुढं सुचेना, म्हणून तो तिथंच उभा राहिला.

या मंडळींना शांततेचा सराव होता. मग ज्यांनी मघापासून चष्मा पुसला होता त्या गृहस्थांनी विचारलं, “शेवटी काय होतं?”

केशवरावांना हे सांगणं पाप वाटत होतं. वरच्या झरोक्यातून देवाजीच बोलला. “ठेला जाते.”

“कुठं?”

“जाते फक्त.”

गृहस्थांनी विचार केला. चारुशीला मॅडमनी वही मिटली आणि म्हणाल्या की मग बसू द्या त्यांना अजून जरा. दोघं-तिघं पार्किंगचं निमित्त काढून उठले. त्यांना कोणी नावं ठेवली नाहीत. दिवे केशवरावांनी स्वतः जाऊन बंद केले.

धोंडबा तिसऱ्यांदा पोत्यावर बसले.

या वेळी प्रशिक पडद्याकडे बघत नव्हता. तो आईकडे बघत होता. ती भांडत नव्हती, पुटपुटत नव्हती. पदराखाली हात घेऊन, मान किंचित डावीकडे झुकवून ती नुसती बसली होती. मिनिटं जात होती. खालून साक्षगंधवाल्यांच्या खुर्च्या ओढल्याचा आवाज येत होता. धोंडबांनी कान खाजवला. पोत्यावरचं काहीतरी उचललं, ठेवलं. प्रशिकला वाटलं, हे इथंच थांबावं, देवाजीनं विसरून जावं, वायर तुटावी, काहीही व्हावं. पण ते थांबणारं नव्हतं. या सिनेमातलं सगळं थांबलं होतं, एवढं एक सोडून.

दहावं मिनिट सरत आलं तशी सिंधूताई हलली. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, कपाळावर आलेले केस मागं घेतले, तोंडावरून एकदा हात फिरवला आणि ताठ बसली.

“आता पाहातीन ते इकडं,” ती प्रशिकला म्हणाली. “दिसते का मी नीट?”

“हाव,” प्रशिक म्हणाला.

पडद्याबाहेरून कोणीतरी हाक मारली. धोंडबा वळले.